तबकडीचा टेलिफोन आणि त्याचा दुभाषी

जुन्या सातारा जिल्ह्याचे कांहीं तालुके आणि सांगली, जत इत्यादि संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० सालीं त्यासच सांगली हें नांव मिळालें. एका घराचीं दोन घरें झालीं, तरी नातींगोतीं व हळद-गुळाचा व्यापार यांमुळें बोलणें सुटलें नाहीं. प्रथम तें ट्रंककॉलनें, ऑपरेटरच्या मध्यस्थीनें होई. पुढें सरळ नंबर फिरवण्याची सोय आली.

नंबर फिरवण्याच्या या युक्तीचें मूळ अमेरिकेंत आहे. प्रेतसंस्काराचा धंदा करणाऱ्या आल्मन स्ट्राउजर यास १८९१ सालीं स्वयंचलित एक्स्चेंजचें पेटंट मिळालें. तबकडी त्याच्या सहकाऱ्यांनीं मागाहून जोडली. तबकडी बोटानें ओढून सोडली, कीं परत येतांना ती तारेंतील प्रवाह आंकड्याइतक्या वेळां खंडित करते. सेकंदास सुमारें १० वेळां. शून्याचे खंड १०. म्हणजे सांगलीच्या ०२३३ या संकेतांकास १८ खंड पडतात, साताऱ्याच्या ०२१६२ या संकेतांकास २१.

१९६३ सालीं अमेरिकेंत बटनांचा टेलिफोन आला. त्यांत प्रत्येक आंकड्यास दोन स्वरांची जोडी असते. ३ या आंकड्याची जोडी सेकंदास ६९७ व १४७७ कंपनांची. आजच्या अनेक वाहिन्यांना हे स्वरच कळतात, खंड कळत नाहींत. मग जुना टेलिफोन आलेलें बोलणें ऐकवतो, परंतु स्वतः कोणास बोलावूं शकत नाहीं.

येथें परिवर्तक, म्हणजे एक दुभाषी, लागतो. त्यांतील लहानशी चिप खंड मोजते. क्षणभर शांतता पडली, कीं आंकडा पुरा झाला असें समजून त्याची स्वरजोडी तारेवर पाठवते. खरी कसोटी पुढेंच आहे. जुन्या तबकडीचे संपर्क झिजलेले असतात. त्यांच्या थरथरीचा सूक्ष्म खंड मोजणींत धरला, तर सांगलीचा फोन भलतीकडेच जाईल. उलट, दीर्घ खंड म्हणजे रिसीव्हर खालीं ठेवला, हेंही ओळखावें लागतें.

कित्येक जण अशा टेलिफोनचें अंतरंग काढून टाकून तो दिवाणखान्यांत शोभेस ठेवतात. माझी विनंति अशी, कीं तसें करूं नये. परिवर्तक बाहेर, तारेच्या तोंडाशीं जोडावा. मूळ यंत्रास हात लावूं नये. यंत्र चालतें राहिलें, तर नंबर म्हणजे मोजणें, हें नातवंडांना स्वतःच्या बोटानें कळेल. उद्यां वाहिनी पुन्हां बदलली, तर दुभाषी बदलतां येईल. मोडलेला टेलिफोन मात्र परत मिळणार नाहीं.