आकाशातील गायरान आणि जुना संगणक



या व्यासपीठावरून आपण विद्वानांना ऐकत आला आहात. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दाराशी आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून आजचा विषयही मी आमच्या युनियनच्या कचेरीतूनच उचलला आहे.

कचेरी जुन्या चाळीत आहे. टेलिफोनची लाइन पुढच्या खोलीत येते आणि २००९ साली घेतलेला संगणक असतो मागच्या खोलीत. मधली तार जिन्याच्या कडेने नेली होती. ती उंदरांनी तीनदा कुरतडली. तिसऱ्या खेपेस एक निवृत्त कामगार आपल्या फंडाचा हिशेब छापून घ्यायला गावाहून आले होते. त्यांना संध्याकाळच्या एस. टी.ने रिकाम्या हाताने परतावे लागले. दुकानदार म्हणाला, "हा संगणक भंगारात काढा." आमच्यातल्याच एका लेथ चालवणाऱ्या पोराने मात्र अंगठ्याएवढा तुकडा आणून संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवला. पत्र्याच्या पेटीआड लहरी क्षीण पोचत होत्या, म्हणून हातभर वायर लावून तो तुकडा टेबलावर आणला. मग ड्रायव्हर, म्हणजे त्या तुकड्याची संगणकाला ओळख करून देणारी आज्ञावली, घातला. पाच-सहाशे रुपयांत बिनतारी इंटरनेट सुरू झाले.

आता प्रश्न असा की, जुन्या यंत्राशी आजचा तुकडा, आणि त्या तुकड्याशी तिसऱ्याच कंपनीचा राउटर इतक्या सलोख्याने बोलतो कसा? हा सलोखा आपोआप आलेला नाही. त्याला इतिहास आहे.

त्याचा आरंभ हवाई बेटांवर झाला. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली बेटाबेटांवरील यंत्रे रेडिओलहरींनी मुख्य संगणकाशी जोडली. टेलिफोनच्या तारा महाग होत्या आणि भरवशाच्याही नव्हत्या. त्यांचा नियम अगदी साधा होता. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. पोच आली नाही, तर दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले असे समजून, प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा बोलावे. अध्यक्षावाचून सभा चालविण्याची ही रीत होय. सभा चालविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यालाच तिची थोरवी कळेल! आजच्या वायफायने तिच्यात आणखी एक शिस्त घातली: आधी ऐकावे, मग बोलावे.

दुसरी घटना १९८५ सालची. लहरींचे बहुतेक पट्टे सरकारी परवान्यांनी बांधलेले होते. त्या साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तीन पट्टे काही अटींवर परवान्याविना खुले केले. त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अन्न गरम करणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्यांचा गोंगाट असे, म्हणून तो पडीकच समजला जाई. गावाने पडीक माळ गुरांसाठी सोडावा, तसे आकाशात गायरान सुटले.

तिसरी गोष्ट दुकानातल्या गल्ल्याची. एनसीआर ही कंपनी गल्ल्याची यंत्रे करी. मोठ्या दुकानांत मांडणी बदलली की तारा नव्याने टाकाव्या लागत. तो खर्च टाळण्यासाठी तिला बिनतारी यंत्रे हवी होती. परंतु जो तो आपलीच भाषा बोलू लागला, तर गायरान असूनही उपयोग काय? कंपनीच्या नेदरलँड्समधील केंद्राचे व्हिक हेस हे १९९० पासून दहा वर्षे मानक ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. तांत्रिक ठरावास तीन-चतुर्थांश मते लागत, आणि समोर बसलेले बहुतेक एकमेकांचे स्पर्धक! १९९७ साली अखेर ८०२.११ हे मानक मंजूर झाले. त्याचा वेग होता सेकंदाला दोन मेगाबिट. १९९९ साली तो अकरावर गेला. मी उमेदीची वर्षे करारांच्या टेबलाशी घालविली आहेत. अशा करारामागची रात्रीची जागरणे मला न सांगता दिसतात.

आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणेसुद्धा गुन्हा ठरविला होता. जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट मिळाली. म्हणूनच आमच्या पोराला तो तुकडा लावताना कोणापुढे अर्ज करावा लागला नाही.

श्रोतेहो, २०१० सालापासून आपल्या देशात मोबाईलच्या लहरींचे लिलाव होत आले आहेत. त्यातून सरकारला पैसा मिळतो, हे खरे. परंतु सगळेच आकाश विकले गेले असते, तर आमच्या मागच्या खोलीपर्यंत ते पोचले नसते. गरिबाचे जुने यंत्र जगते, ते मोकळ्या जागेच्या आणि सर्वांनी पाळलेल्या कराराच्या बळावर. यांतले एक जरी गेले, तरी दुकानदाराचा सल्ला खरा ठरतो. तेव्हा संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यात उणे काय आहे, हे आधी पाहा. त्याच्या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या असतील, तर लिनक्ससारखी मोफत प्रणाली घाला. कडीवाचून दार उघडे ठेवू नका.

ते निवृत्त कामगार पुढल्या महिन्यात पुन्हा आले. दोन पानांचा हिशेब छापून निघाला. तो त्यांनी दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दुपारचीच एस. टी. धरली.