रेड १ डिस्कसंचावरील बूट लोडर

रेड १ या रचनेत एकच माहिती एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिली जाते. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर काम चालू राहावे, हा तिचा हेतू होय. लिनक्समध्ये ती केर्नेलमधील एमडी चालक व एमडीअ‍ॅडम ही आज्ञावली यांच्या साहाय्याने, वेगळ्या यंत्रभागाशिवाय उभारता येते. मात्र केर्नेल स्मृतीत आणणारा बूट लोडर दोन्ही डिस्कांवर स्वतंत्रपणे बसवावा लागतो. तो एकीवरच असल्यास माहिती शाबूत असूनही संगणक सुरू होत नाही. रेडची संकल्पना १९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधाने रूढ झाली.

दोषाचे कारण

संच सहसा संपूर्ण डिस्कांचा नसून त्यांवरील विभागांचा (पार्टिशनांचा) असतो. जुन्या बायोस पद्धतीत संगणक प्रथम डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा खंड वाचतो. ग्रब या बूट लोडरचा पुढील भाग त्यानंतरच्या मोकळ्या जागेत असतो. ही दोन्ही ठिकाणे विभागांबाहेर असल्याने त्यांची प्रत आपोआप होत नाही. पहिली डिस्क धडधाकट असेपर्यंत ही उणीव दडून राहते. जीपीटी कोष्टकाच्या डिस्कवर ग्रबसाठी सुमारे १ एमबीचा बायोस बूट विभाग लागतो, तोही प्रत्येक डिस्कवर वेगळा.

यूईएफआय पद्धतीत अडचण निराळी आहे. फर्मवेअरला एमडी रचना कळत नाही. त्याला साधा फॅट विभाग हवा असतो. तो संचात घ्यायचाच तर संचाची नोंद विभागाच्या शेवटी ठेवणारा १.० हा प्रकार वापरावा लागतो. १.२ प्रकारात ती आरंभापासून ४ केबीवर असल्याने फर्मवेअरला तो विभाग फॅट म्हणून ओळखता येत नाही. दोन्ही डिस्कांवर अलग विभाग ठेवून मजकूर वेळोवेळी उतरवणे अधिक निर्धोक, कारण फर्मवेअरने संचातील एकाच विभागात काही लिहिल्यास दोन प्रतींत तफावत पडते.

निदान व निवारण

उरलेल्या डिस्कवर लोडरच नसेल तर बूट करण्याजोगे उपकरण नसल्याचा संदेश येतो. ‘ग्रब रेस्क्यू’ ही ओळ दिसली, तर लोडर आहे, पण त्याला पुढील भाग सापडत नाही, असे समजावे.

यूएसबीवरील लाइव्ह लिनक्सने संगणक सुरू करून संच जोडतात. एक सदस्य गैरहजर असल्यास संच निष्क्रिय राहू शकतो. तेव्हा ‘रन’ हा पर्याय द्यावा लागतो. मूळ प्रणाली आरूढ करून, देव्ह, प्रॉक व सिस या निर्देशिका तिला जोडून, सीएचरूटने आत शिरतात आणि बायोस संगणकावर ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा प्रत्येक डिस्कसाठी चालवतात. येथे विभागाचे नव्हे, डिस्कचे नाव द्यायचे असते. ही चूक फार आढळते. डेबियनमध्ये व तिच्यावर आधारलेल्या सी-डॅकच्या बॉस प्रणालीत शेवटी अपडेट-ग्रब चालवतात.

बदललेल्या डिस्कवर आधी विभागांचे कोष्टक उतरवून मग तिचे विभाग संचात घेतात. एमडीस्टॅट नोंदीत पुनर्जुळणी पूर्ण दिसली, तरी बूट लोडर आलेला नसतो. तो पुन्हा बसवावाच लागतो.

पडताळणी

भोकरदन किंवा मंठ्यासारख्या ठिकाणी नवी डिस्क बाहेरून मागवावी लागली, तर तोवर कार्यालयाचे काम एकाच डिस्कवर चालवावे लागते. म्हणून चाचणी आधीच करणे इष्ट. संगणक बंद करून पहिली डिस्क काढावी व दुसरीवरून तो सुरू होतो का ते पाहावे. काढलेली डिस्क परत जोडल्यावर संचात पुन्हा घ्यावी लागते, आणि पुनर्जुळणी संपेपर्यंत दुसऱ्या डिस्कची चाचणी घेऊ नये.