संघ बदलायचा म्हणजे नोकरी बदलायची : खडकीच्या धनराजची मुंबईवाट

आजचा धागा एका लहानशा स्थलांतराविषयी आहे. खडकी ते मुंबई, एवढेच ते अंतर. परंतु भारतीय हॉकीतील एखादा गुणी तरुण अधिक संधीच्या शोधात संघ बदलतो, तेव्हा नेमके काय घडते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात सापडणार नाही.

आधी थोडे बाहेरचे. उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीची व्यावसायिक लीग आहे. तेथे होतकरू खेळाडूवरचा हक्क एका क्लबकडे असतो. त्याला मैदानावर पुरेसा वेळ मिळत नसेल, तर तो आपल्या व्यवस्थापनाला सांगतो की मला दुसऱ्या क्लबकडे द्या. मग दोन क्लब आपसांत देवाणघेवाण करतात. एक खेळाडू इकडे, एक तिकडे. याला तिथे ‘ट्रेड’ म्हणतात. खेळाडू ही जणू क्लबची मालमत्ता, आणि तरीही त्या मालमत्तेला तोंड असते, ती बोलू शकते.

आपल्याकडच्या मैदानी हॉकीत असा व्यवहार विसाव्या शतकात जवळजवळ नव्हताच. याचा अर्थ खेळाडू संघ बदलत नव्हते असा नाही. ते बदलत, पण राजीनामा देऊन आणि नवे नेमणूकपत्र घेऊन. कारण येथे खेळाडू क्लबचा नसे, तर नोकरी देणाऱ्याचा असे. लष्कर, रेल्वे, पोलीस, संस्थानिक, आणि पुढे कंपन्या, बँका, विमानसेवा. ही व्यवस्था ध्यानात घेतल्याशिवाय भारतीय हॉकीचा इतिहास वाचताच येत नाही, असे माझे मत आहे.

तीन जुनी उदाहरणे पाहा. ध्यानचंद 1922 मध्ये लष्करात शिपाई म्हणून भरती झाले. लष्कराने त्यांना खेळाडू केले. त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग, 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध एकट्याने 10 गोल करणारे, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या सेवेत गेले. आजही ग्वाल्हेरचे स्टेडियम ‘कॅप्टन रूपसिंग’ यांच्या नावाने ओळखले जाते. तिसरे किशनलाल. होळकरांच्या मुलखातील महू छावणीचा हा मुलगा 1941 मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वेकडे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीकडे आला आणि 1948 मध्ये लंडनला स्वतंत्र भारताच्या पहिल्या सुवर्णपदक विजेत्या संघाचा कर्णधार झाला. लष्कर, दरबार, रेल्वे : आश्रयदाता निराळा, पण सौदा तोच. तुम्ही आमच्यासाठी खेळा, आम्ही तुमच्या पोटाची सोय करू.

या सौद्यात खेळाडूची इच्छा किती चालत असे? बलबीर सिंग (थोरले) यांची स्वतः त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत येथे आठवते. पंजाबचे इंग्रज पोलीसप्रमुख सर जॉन बेनेट यांना हा तरुण आपल्या पोलीस संघात हवा होता. बलबीर यांचे वडील स्वातंत्र्यलढ्यातले. पोलिसांत जाणे मुलाच्या मनाला पटेना. तो दिल्लीला निघून गेला आणि तेथे सार्वजनिक बांधकाम खात्यात लागला. पोलिसांनी त्याला दिल्लीत गाठले, अटक केली आणि परत पंजाबात आणून खाकी चढवली. पुढे याच माणसाने सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली आणि 1952 च्या अंतिम सामन्यात एकट्याने 5 गोल केले. संघबदलासाठी बेड्या पडल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही!

आता खडकीकडे येऊ.

1817 च्या लढाईमुळे हे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक असते. पेशवाईच्या अस्तानंतर येथे इंग्रजांची छावणी वसली, 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. छावणी आली की हॉकी येतेच; हिंदुस्थानात हा खेळ लष्करी बराकींच्या मागच्या मैदानांतूनच पसरला. कारखान्यांच्या आणि लष्कराच्या आधाराने दक्षिणेतील अनेक कुटुंबेही पुण्याच्या लष्करी वस्त्यांत स्थिरावली. त्यांपैकीच एक कुटुंब नागलिंगम आणि अंदालम्मा पिल्ले यांचे. वडील मैदानाची देखभाल करणारे कर्मचारी, घर कारखान्याच्या वसाहतीत, मुलगे पाच. 16 जुलै 1968 रोजी जन्मलेला धनराज हा त्यांतला चौथा.

या घरात हॉकीला मनाई नव्हती, उलट आईचे प्रोत्साहन होते. पैसा मात्र नव्हता. मोडक्या काठ्या जोडायच्या, कोणीतरी टाकून दिलेले चेंडू वापरायचे आणि वसाहतीच्या मऊ, चिकट मातीवर खेळायचे. आदर्श कोण, तर बनारसचा मोहम्मद शाहिद. त्याची चेंडू काठीला चिकटवून पळण्याची ढब धनराजने उचलली. ज्या मातीत चेंडू सरळ धावत नाही, तेथे वाढलेल्या मुलाला चेंडू काठीजवळ ठेवण्याची विद्या लवकर येत असावी. हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

येथे थोडे थांबून नकाशा पाहिला पाहिजे. खडकीतून बोपोडी, मग मुळेवरचा हॅरिस पूल, पलीकडे दापोडी, कासारवाडी, पिंपरी. सगळे मिळून काही किलोमीटर. याच वाटेवर स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील एक मोठी औद्योगिक घडामोड घडत होती. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शेतांत वाहन उद्योगाचे कारखाने आले. 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली. मराठवाड्यापासून उत्तर भारतापर्यंतची माणसे कामासाठी याच पट्ट्यात येत होती.

आणि नेमक्या त्याच दशकात खडकीचा एक मुलगा उलट दिशेने, मुंबईला निघाला.

का? नोकरी मिळणे आणि हॉकीसाठी नोकरी मिळणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, म्हणून. देशातील नामांकित स्पर्धांपैकी आगाखान चषक 1896 पासून मुंबईचा. मुंबईच्या लीगमध्ये रेल्वे, एअर इंडिया, टाटा, भारत पेट्रोलियम यांसारखे संस्थांचे संघ वर्षानुवर्षे झुंजत असत. निवड समितीची नजर तेथे असे. ज्याला भारताकडून खेळायचे आहे त्याला चांगल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध पुष्कळ सामने हवेत, आणि असे सामने ज्यांचा संघ आहे त्यांच्याकडे कामाला लागल्यावरच मिळत. खडकीत राहून कारखान्यात चिकटता आले असते. भारतीय संघाचा दरवाजा तेथून बराच दूर होता.

1980 च्या दशकाच्या मध्यावर धनराज मुंबईला गेला तो थोरला भाऊ रमेश याच्याकडे. रमेश तेव्हा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या, म्हणजे चेंबूरच्या आरसीएफच्या संघातून मुंबई लीग खेळत होता आणि भारतातर्फेही खेळून चुकला होता. खतकारखान्याचा हॉकी संघ हे आज विचित्र वाटेल, परंतु त्या काळाच्या दृष्टीने ते अगदी सरळ होते. सरकारी उपक्रमाने रोजगार द्यायचा, आणि त्या रोजगारातच काही जागा खेळाडूंसाठी असायच्या. थोरल्या भावाचे मार्गदर्शन आणि मुंबईचे मैदान या दोन आधारांवर धनराजमधला वेगवान आघाडीवीर घडला.

त्यानंतरचा टप्पा निर्णायक ठरला : महिंद्र अँड महिंद्र. या कंपनीच्या संघात त्याला 1984 च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेले जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले. धनराजचे स्वतःचे गुण तर होतेच, पण कोणत्या वयात कोणाच्या हाताखाली खेळायला मिळते, यावर खेळाडूचे पुष्कळ काही ठरते. त्यात खेळाचे स्वरूपच तेव्हा पालटत होते. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम हिरवळीवर हॉकी झाली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. मातीवरच्या कौशल्याला वेगाची आणि दमाची जोड देणे भाग होते. मोठ्या शहरातील सुसज्ज संघाबाहेर राहून हे साधणे कठीण होते.

1989 मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात धनराज भारतातर्फे खेळला. तेथून 2004 पर्यंत 339 आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडास्पर्धा, चार चॅम्पियन्स करंडक. गोल किती? येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कपाळावर हात मारावा अशी स्थिती आहे : तत्कालीन भारतीय हॉकी महासंघाने त्याची अधिकृत नोंदच ठेवली नाही. ध्यानचंदांच्या काळाबद्दल असे घडले असते तर समजू शकलो असतो. हा तर दूरदर्शनच्या काळातला खेळाडू.

संस्थांच्या व्यवस्थेचे ऋण मान्य करूनही तिची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. नोकरी सुरक्षित असे, सरावासाठी आणि शिबिरांसाठी रजा मिळे, कारकीर्द संपल्यावरही पगार थांबत नसे. गरीब घरातून आलेल्या मुलासाठी हे फार मोठे होते. उद्या गुडघा निकामी झाला तरी चूल पेटणार, ही हमी होती. परंतु संघ बदलायचा तर ही सगळी शिदोरी पणाला लागे. सेवाज्येष्ठता गेली, क्वार्टर गेले, पुन्हा पहिल्यापासून मांडामांड. शिवाय रेल्वे, सेनादल, इंडियन एअरलाइन्स हे राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या बरोबरीने स्वतंत्र संघ म्हणून उतरत. त्यामुळे महाराष्ट्रात वाढलेला खेळाडू महाराष्ट्राविरुद्धच खेळताना दिसे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. धनराजही पुढे इंडियन एअरलाइन्सकडे गेला.

आणि या व्यवस्थेच्या शिखरावर तर बदलीची सोयच नव्हती. डिसेंबर 1998 मध्ये बँकॉकला धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला हरवून आशियाई सुवर्ण जिंकले, तब्बल 32 वर्षांनी. त्यानंतर काही आठवड्यांतच पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी कर्णधारासह सुवर्णविजेत्या संघातील अनेकांना वगळण्यात आले. विश्रांती दिली, असे अधिकृत स्पष्टीकरण होते. भत्त्यांविषयी बोलल्याची ही शिक्षा, असे देशभर मानले गेले. क्लब नाराज झाला तर दुसरा क्लब शोधता येतो. देशाची निवड समिती नाराज झाली तर दुसरा देश कोठून शोधणार?

जो थोडाफार पर्याय होता, तो समुद्रापलीकडे. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधील लिऑन, जर्मनीतील स्टुटगार्ट, मलेशियातील क्लब, ढाक्याचे अबाहनी, हाँगकाँगचे खालसा : धनराज या सगळ्यांकडून खेळला. नावांची ही यादी वाचताना मला खडकीहून मुंबईला जाणारी जुनी वाटच लांबलेली दिसते. खेळायला मिळेल तेथे जायचे.

खऱ्या अर्थाने क्लबांचा बाजार भारतात आला तो 2005 मध्ये, प्रीमियर हॉकी लीगमधून. तेव्हा 36 वर्षांच्या धनराजने ‘मराठा वॉरियर्स’चे नेतृत्व केले. पुढे 2012 मध्ये वर्ल्ड सीरिज हॉकी आली आणि तिच्यात पुण्याचा ‘पुणे स्ट्रायकर्स’ हा संघ होता. त्याचे घरचे मैदान कोठे होते, ठाऊक आहे? पिंपरीत, नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमवर. म्हणजे ज्या पट्ट्याकडे पाठ फिरवून खडकीच्या मुलाला जावे लागले होते, तेथे पाव शतकानंतर व्यावसायिक हॉकी खुद्द चालून आली. पुण्याचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. 2 एप्रिल 2012 रोजी मुंबईच्या महिंद्र स्टेडियमवर शेर-ए-पंजाबने त्याला 5-2 असे हरवले. योगायोग असा की त्याच सुमारास महिंद्रचा नवा वाहन कारखाना चाकणला धडधडू लागला होता. ज्या कंपनीच्या संघासाठी धनराजला मुंबईत राहावे लागले, ती आता खडकीपासून तासाभराच्या अंतरावर होती. फक्त तिच्या नावाचा हॉकी संघ तेथे नव्हता.

वर्ल्ड सीरिज हॉकीचा दुसरा हंगाम झाला नाही. 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, तिच्यात खेळाडूंचा रीतसर लिलाव झाला आणि दिल्लीने सरदार सिंगसाठी 78,000 डॉलर मोजले. ती लीग 2017 नंतर खंडित झाली आणि 2024 च्या अखेरीस पुन्हा उभी राहिली. पुरुषांचे आठ संघ, त्यांत महाराष्ट्राचा एकही नाही. नेहरूनगरचे मैदान मात्र आहे. डिसेंबर 2021 मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तेथे झाली. त्या मैदानावर आज सराव करणाऱ्या मुलाने ‘पुढे कोठे खेळू?’ असे विचारले, तर त्याला मिळणाऱ्या उत्तरात रेल्वे, सेनादल आणि पेट्रोलियम कंपन्या हीच नावे अजूनही आधी येतात, आणि त्यांच्याकडे जायचे तर अर्ज नोकरीचाच भरावा लागतो.