नाझर कचेरीतला कारकून आणि पन्नास सह्या

अधूनमधून एखादा विद्यार्थी घरी येतो आणि विचारतो, "सर, कोर्टात लिपिकाची जागा निघालीय. लॉला जाण्याआधी करू का? वर्षं फुकट जाणार नाहीत ना?" त्याला मी गणेश वासुदेव जोशी यांची गोष्ट सांगतो. तुम्ही त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणून ओळखता.

काकांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. पुण्यात आल्यावर त्यांना नोकरी मिळाली ती नाझराच्या कचेरीत. आता नाझर म्हणजे कोण? न्यायाधीश निकाल देतो आणि नाझर तो लोकांच्या दारापर्यंत पोहोचवतो. समन्स बजावायचं, जप्ती करायची, कोर्टात भरलेल्या पैशाचा हिशेब ठेवायचा. तिथे बसणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते : दुसऱ्याच्या वतीने बोलायला आलेल्या माणसाला आधी विचारतात, "तुमचा अधिकार काय? कागद दाखवा."

पुढे ती नोकरी सुटली. मुंबईत १८५५ साली सरकारी लॉ स्कूल निघालं होतं. पण जिल्ह्याच्या कोर्टात परीक्षा देऊन सनद मिळवण्याचीही वाट होती. काका त्या वाटेने वकील झाले.

आता मुद्द्यावर येतो. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. काका तिचे प्रमुख संस्थापक. सभेचा नियम मोठा विलक्षण होता. सभासद व्हायचं तर किमान ५० प्रौढ माणसांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीला असे ९५ सभासद जमले, आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० सह्या होत्या.

'लोकांच्या वतीने' हे शब्द आपण फार सैल वापरतो. तत्त्वज्ञानात आम्ही प्रातिनिधित्वावर तासन्‌तास बोलतो. इथे प्रश्न एका दस्तऐवजाने सोडवला होता. मतदानाचा हक्क नव्हता, निवडून दिलेलं कायदेमंडळ नव्हतं. "तुम्ही कोणाचे प्रतिनिधी?" असं सरकारने विचारलं, तर पुढे ठेवायला सह्या होत्या. ही कल्पना कारकुनाच्या टेबलावर मुरलेली आहे, असा माझा तर्क आहे.

पण इथे थांबलो तर अर्धंच सांगितलं असं होईल. त्या सह्या घेऊन आलेले सभासद बहुतांशी कोण होते? सरदार, इनामदार, सावकार, पांढरपेशे. शेतमजुराचं, अस्पृश्याचं, बाईचं मुखत्यारपत्र कोणाकडे होतं? त्याच पुण्यात १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला, तो उगाच नव्हे. कागद खरा असला तरी ज्याची सही घेतलीच नाही, त्याच्याबद्दल तो काही बोलत नाही.

तरी काकांनी कागदाच्या पलीकडचंही करून दाखवलं. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारची मर्जी जाईल हे ठाऊक असताना काकांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. पुढच्याच वर्षी काका वारले.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी म्हणतो, जा बाबा, खुशाल जा. फायली लाव, तारखा लिही. मात्र खिडकीपाशी ताटकळणाऱ्या माणसाकडे नीट बघ. उद्या काळा कोट चढवून "माझ्या अशिलाच्या वतीने" म्हणशील, तेव्हा तो माणूस आठवला पाहिजे.