गिरणगावातील तरुण चाकरमानी आणि त्यांची बचत

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या पहिल्या कापड गिरणीनंतर मुंबईत जो गिरणगाव उभा राहिला, त्यात कोकण आणि घाटावरून आलेल्या, बायकामुले गावी ठेवून राहणाऱ्या तरुण पुरुषांचा भरणा मोठा होता. हा कामगार उधळ्या आहे, त्याची मजुरी वाढवली तर ती दारूत जाईल, असे गिरणीमालक व अधिकारी वारंवार म्हणत. परंतु हा आरोप अन्यायकारक होता, कारण ते ज्या ठिकाणी बचत शोधत होते, त्या ठिकाणी ती ठेवलीच जात नव्हती.

टपाल खात्याची बचत बँक 1882 मध्ये सुरू झाली, तरी या तरुणाला तिच्यापेक्षा 1880 पासून मिळू लागलेली मनिऑर्डर अधिक जवळची होती. एकाच गावच्या अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या गाळ्यात राहून आणि खानावळीत महिन्याच्या बोलीने जेवून तो जे वाचवी, ते गहाण शेत सोडवण्यासाठी, बहिणीच्या लग्नासाठी किंवा घर शाकारण्यासाठी गावी जाई, म्हणून त्याच्या नावावर शिल्लक दिसत नसे. त्यातच पगार महिना उलटून बऱ्याच दिवसांनी हाती पडे, त्यामुळे नव्याने आलेल्या मुलाची सुरुवातच उधारीने होई. पठाण सावकाराचा रुपयामागे दरमहा एक आणा हा दर धरला, तर वर्षाचे व्याज शेकडा 75 भरते.

या सावकारीला कामगारांनी स्वतः शोधलेला उतारा म्हणजे भिशी, अर्थात ठरावीक सभासदांनी दरमहा समान वर्गणी काढून जमलेली सगळी रक्कम चिठ्ठी टाकून एकेकाला देण्याची पद्धत. लिलाव भिशीत मात्र जो सर्वांत कमी रकमेवर समाधान मानण्यास तयार होई, त्याला पैसे मिळत आणि उरलेली रक्कम इतरांत वाटली जाई, म्हणजे गरजवंताने सोडलेला वाटा थांबू शकणाऱ्याचे व्याज ठरे. हा व्यवहार बहुधा कागदावाचून चाले, कारण वर्गणी बुडवणाऱ्याची वार्ता गाळ्यातून थेट गावापर्यंत पोहोचत असे, आणि तरुण सभासदाला हा धाक कोणत्याही तारणापेक्षा मोठा वाटे.

पगार दहा दिवसांच्या आत देण्याचे बंधन मोठ्या कारखान्यांवर 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने घातले, तर 1952 च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने कामगाराच्या बोलीतला ‘फंड’ आला, ज्यात त्याचा हिस्सा पगार हाती येण्यापूर्वीच कापला जाऊन मालकाच्या तेवढ्याच हिश्शासह जमा होऊ लागला; तरीही म्हातारपणासाठीचा हा पैसा पुढच्या महिन्यातल्या लग्नाला सहजी उपलब्ध नसल्याने भिशी चालूच राहिली.