सासूबाईंची कोयना आणि शब्द शोधणारं यंत्र



आजची गोष्ट आमच्याच घरातल्या एका फजितीपासून सुरू करते. आमच्या लेकीला शाळेसाठी आजीच्या आठवणींवर चार पानं लिहायची होती. सासूबाई १९९९ साली सहा महिने आमच्याकडे राहायला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी रोज दुपारी बसून आपल्या आठवणी कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या पाटणला होत्या. त्याबद्दल त्यांनी लिहिलंय, एवढं मला पक्कं आठवत होतं. सासूबाई आता नाहीत, त्यामुळे विचारायचं कुणाला? चाळीसएक फायली, आणि नावं काय, तर ‘नवीन १’, ‘नवीन २’. लेकीनं शोधाच्या चौकटीत ‘कोयना’ असं लिहिलं. उत्तर आलं, काहीही सापडलं नाही.

मजकूर घरात आहे आणि तरी सापडत नाही, असं का व्हावं? ते समजायला आधी हा शोध आला कुठून ते पाहू.

न्यू जर्सीत मरे हिल नावाचं गाव आहे. एडिसनहून गाडीनं साधारण अर्धा तास. तिथं बेल लॅब्जची प्रयोगशाळा होती. १९७० च्या सुमारास केन थॉम्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी तिथं युनिक्स घडवत होते. त्यांच्यातले ली मॅकमॅहन यांना एका वेगळ्याच गोष्टीत रस होता. १७८७-८८ मध्ये हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या बाजूनं एकाच टोपणनावाखाली ८५ लेख लिहिले होते. यातला कुठला लेख कुणाचा, हे शब्दांच्या वापरावरून ओळखायचं होतं. पण तेव्हाच्या मशीनवर एका प्रोग्रामला जेमतेम ६४ किलोबाइट जागा मिळायची, आणि हे सगळे लेख एडिटरमध्ये एका वेळी मावत नव्हते.

ब्रायन कर्निघन सांगतात, की थॉम्सननी आपल्या एडिटरमधला शोधाचा भाग एका रात्रीत वेगळा काढला. तो फाइल पोटात भरून घेत नसे. एकेक ओळ वाचायची, शब्द असला तर ओळ दाखवायची, नसला तर पुढे जायचं. एडिटरमध्ये याच कामाचा हुकूम होता ‘जी, आर-ई, पी’, म्हणजे सगळीकडे बघ, साचा जुळला की ती ओळ छाप. त्यावरून नाव पडलं ग्रेप. नोव्हेंबर १९७३ च्या युनिक्सच्या माहितीपुस्तकात ते आलं, आणि आपल्यातले आयटीवाले आजही ते रोज वापरतात.

पुढे डिस्क मोठ्या झाल्या आणि दर वेळी सगळं वाचत बसणं परवडेना. मग पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची कॉम्प्युटर आधीच बनवून ठेवू लागला, की हा शब्द अमुक फायलींत आहे. २००४ मध्ये गूगल डेस्कटॉप आलं, २००५ मध्ये ॲपलचं स्पॉटलाइट. घरातल्या फायलींच्या आतलं शोधणं सगळ्यांच्या हाती आलं.

आता आपल्या मराठीकडे येऊ. कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, अक्षराचा क्रमांक ओळखतो. भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ मध्ये इस्की नावानं आपल्या लिपींसाठी क्रमांक ठरवले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा कप्पा मिळाला. पण घरोघरच्या विंडोजमध्ये याची सोय २००० नंतरच हळूहळू पोचली. तोवर आपण सगळे फाँट वापरत होतो. त्यात आतला क्रमांक इंग्रजी अक्षराचाच असे, फक्त त्यावर क किंवा म चं चित्र चढवलेलं असे. पडद्यावर मराठी, पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी. शिवाय प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. मंडळांच्या नव्वदच्या दशकातल्या कितीतरी स्मरणिका अशाच टाइप झाल्या. त्यांत ‘कोयना’ शोधलं तर मिळणार कसं?

आम्ही आधी सासूबाईंचा फाँट कुठला ते हुडकलं. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला आणि चुका हातानं सुधारल्या. पुन्हा ‘कोयना’ शोधलं. तरी काही नाही!

कारण त्यांनी लिहिलं होतं ‘कोयनेला’, ‘कोयनेच्या’. आपल्या भाषेत प्रत्यय लागला की शब्दाचं अंगच बदलतं, आणि यंत्राला सामान्यरूप कुठलं कळायला? म्हणून मराठीत शोधताना न बदलणारा तुकडाच द्यावा, नुसतं ‘कोयन’. दुसरं, आपल्या वडीलधाऱ्यांचं शुद्धलेखन १९६२ च्या नियमांआधीचं असू शकतं. ते ‘घरांत’, ‘पुण्यांत’ असं अनुस्वार देऊन लिहितात, म्हणून दोन्ही रूपं शोधावीत. तिसरं, ‘पायऱ्या’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही, आतले क्रमांक मात्र वेगळे. तिथं ‘पाय’ एवढंच शोधलेलं बरं.

‘कोयन’ म्हणताच पाच फायली समोर आल्या. सासूबाईंनी लिहिलं होतं, की फळीवरची पितळी भांडी धडाधड खाली आली, सगळे अंधारात अंगणात धावले, आणि शेजारच्या काकूंनी पहिली हाक मारली ती घरच्यांना नव्हे, गोठ्यातल्या म्हशीला. लेक हसली, आणि मग बराच वेळ गप्प राहून पुढचं वाचत बसली.

श्रोतेहो, तुमच्याही घरी अशी एखादी जुनी सीडी किंवा फोल्डर असेल. या शनिवार-रविवारी ते उघडा. टाइप करणारी व्यक्ती जवळ असेल तर फाँट कुठला होता ते आजच विचारून लिहून ठेवा. फायलींना नीट नावं द्या आणि एक प्रत युनिकोडमध्ये करून ठेवा. जुनी मूळ फाइल मात्र पुसू नका, बदलताना राहिलेली चूक तिच्यावरूनच सापडते.

भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.