तेलाचा कस आणि प्रकाशाची साक्ष



ज्या गुरुजनांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांनी आम्हांला प्रत्येक विधानामागचा पुरावा विचारण्यास शिकविले. म्हणून मी विषयही पुराव्याचाच निवडला आहे. माशाच्या तेलाचा कस पारखण्याची विद्या कशी वाढली, हा तो विषय.

कॉड माशाच्या यकृताचे तेल युरोपात मुडदुसावर फार पूर्वीपासून दिले जात असे. गुण येई, कारण मात्र अज्ञात होते. १९२२ साली मॅकॉलम यांनी तेल तापवून त्यातून हवा सोडली. जीवनसत्त्व 'अ' नष्ट झाले, तरी मुडदूस बरा करण्याची शक्ती टिकली. एकाच तेलात दोन निराळी द्रव्ये आहेत, हे त्यावरून ठरले. परंतु ती मोजावयाची कशी? उंदरांना तेल चारून आठवडेच्या आठवडे त्यांची वाढ पाहावी लागे.

१९२६ साली कार व प्राइस यांनी तेलात अँटिमनी ट्रायक्लोराइड घालून उमटणारा निळा रंग मोजला. तो रंग क्षणांत फिका पडे. १९२८ साली मॉर्टन व हाइलब्रॉन यांनी दाखविले की, जीवनसत्त्व 'अ' अतिनील प्रकाशातील ३२८ नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी शोषून घेते. जितके शोषण अधिक, तितके द्रव्य अधिक. आठवड्यांचे काम पुढे मिनिटांवर आले.

दुसऱ्या महायुद्धात या मोजणीला मोठे मोल आले. १९४० साली नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेला आणि तेथील तेलाचा पुरवठा तुटला. आपल्या देशात शार्कच्या, म्हणजे मुशीच्या जातीतील माशांच्या, यकृताचे तेल काढण्याचा उद्योग याच काळात उभा राहिला. १९४१ साली बेकमन यांचे वर्णपटमापक यंत्र बाजारात आले. पण यंत्र आले म्हणून सत्य हाती आले, असे नव्हे. तेलातील इतर द्रव्येही तीच तरंगलांबी शोषतात. त्यामुळे आकडा फुगे. त्या आकड्यावर विकणाऱ्याचा लाभ होई, आणि पिणाऱ्या बालकाच्या वाट्याला मात्र कमी येई. १९४६ साली मॉर्टन व स्टब्स यांनी एकाऐवजी तीन तरंगलांबींवर मोजणी करून हा फुगवटा वजा करण्याची रीत दिली. या इतिहासाचे मर्म मला येथेच दिसते.

आज माशाच्या तेलाच्या कॅप्सूल ओमेगा-३ मेदाम्लांसाठी घेतल्या जातात. डीएचए या मेदाम्लात सहा द्विबंध असतात; तेच त्याचे सामर्थ्य आणि तेच त्याचे मर्मस्थान, कारण हवेतील प्राणवायू तेथेच आघात करतो. तेल खवट होऊ लागले की २३३ नॅनोमीटरच्या आसपास शोषण वाढते. परंतु खवटपणा आणखी वाढला की पहिली द्रव्ये मोडतात आणि हे शोषण पुन्हा उतरू शकते. म्हणून ॲनिसिडिन घालून ३५० नॅनोमीटरवर दुसरी परीक्षा घ्यावी लागते. तीत त्या मोडीतून निघालेली अल्डिहाइडे सापडतात. लिंबासारखा स्वाद मिसळलेल्या तेलात ही दुसरी परीक्षाही फसू शकते. १९२८ सालीच कलकत्त्यात रामन यांनी शोधलेल्या परिणामाच्या साहाय्याने आता तेलातील द्विबंधांचा अंदाज घेता येतो. त्यालाही ताडून पाहण्याची गरज आहेच.

प्रकाश खोटे बोलत नाही. परंतु जेवढे विचारावे तेवढेच तो सांगतो. बाटलीवरील आकडा पाहताना तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, एवढे आपण विचारले, तरी गुरुजनांच्या शिकवणुकीचे सार्थक होईल, असे मी मानतो.